सिलिका आधी पीपीत की एचडीपीईत? भोसरीच्या एका लॉटचं प्रकरण

मामाचा फोन आला तेव्हा मी पाषाणला टपरीवर चहा घेत होते. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता, "अगं ती नॅनो सिलिका आधी कशात टाकू, पीपीत, एचडीपीईत, का सगळंच एकदम हॉपरमध्ये सोडू?" पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, एचडीपीई म्हणजे हाय-डेन्सिटी पॉलिइथिलीन, दोन्ही रोजची प्लास्टिकं; नॅनो सिलिका म्हणजे सिलिकाची अतिबारीक पूड आणि हॉपर म्हणजे मशीनचं माल टाकायचं तोंड. मला वाटलं दोन दिवसांत सिम्युलेशन करून सांगते, त्यात काय एवढं. पुढे चार महिने गेले आणि मधे एकदा तर मी त्याला चक्क चुकीचं उत्तर देणार होते, म्हणून हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतेय.

मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे. भंगारातून आलेल्या प्लास्टिकचा दाणा करायचा आणि विकायचा. बादल्या, मग, खुर्च्या म्हणजे पीपी, आणि कॅन, क्रेट म्हणजे एचडीपीई. बायका हाताने निवडतात, तुकडा वाकवून, आवाज ऐकून बरोबर ओळखतात, पण एकदा ग्राइंडिंग झालं की त्यात जे मिसळलं ते मिसळलं. पाण्याच्या टाकीत वेगळं करावं म्हटलं तर पीपीची घनता ०.९० च्या आसपास, एचडीपीईची ०.९५ च्या आसपास, दोन्ही तरंगतात. त्यामुळे त्याच्या दाण्यात साधारण ७० टक्के पीपी आणि ३० टक्के एचडीपीई असतंच, आणि त्याचा तुकडा वाकवला की पापुद्रे सुटून तुटतो. कोणीतरी त्याला नॅनो सिलिका टाकून बघायला सांगितलं. पहिला लॉट छान निघाला, दुसरा लॉट तीच रेसिपी, तीच मशीन, तेच तापमान आणि पुन्हा पापुद्रे. मामा वैतागला होता आणि ते बरोबरच होतं, कारण सिलिका काही फुकट येत नाही.

आता पीपी आणि एचडीपीई मिसळत का नाहीत, दिसायला तर भाऊ-भाऊ आहेत. याचं उत्तर फ्लोरी आणि हगिन्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवलंय. लहान रेणू एकमेकांत मिसळतात तेव्हा विस्कटण्याचा जो फायदा मिळतो, म्हणजे एन्ट्रॉपी, तो प्लास्टिकच्या लांब साखळीत मणी (छोटे रेणू) एकमेकांना बांधलेले असल्यामुळे जवळजवळ मिळतच नाही. मग दोघांमधली नावड, तिला 'काय' (ग्रीक अक्षर χ) म्हणतात, ती कितीही बारीक असली तरी साखळीच्या लांबीने, म्हणजे एनने, तिला गुणलं की ती मोठी होते. सारख्या लांबीच्या साखळ्यांसाठी काय गुणिले एन २ च्या वर गेलं की वेगळं व्हायला सुरुवात, आणि खऱ्या प्लास्टिकमध्ये एन हजारांत असतो.

वेगळे झाले की मधे सीमा येते, सीमेला ताण असतो, आणि त्या सीमेवर कण बसला की तेवढं सीमेचं क्षेत्रफळ झाकलं जातं, तेवढी ऊर्जा वाचते. कण तिथून उपटायला लागणारी ऊर्जा म्हणजे पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले सीमेचा ताण, आणि हे सगळं गुणिले (१ वजा कोसाइन थीटा) याचा वर्ग. थीटा म्हणजे कण सीमेवर बसताना होणारा संपर्ककोन, तो ९० अंश असेल तर कण बरोबर मधोमध बसतो. तेल-पाण्यात हा ताण ५० मिलीन्यूटन प्रति मीटरच्या घरात असतो, म्हणून तिथे बारीक कणसुद्धा घट्ट चिकटतात. पीपी आणि एचडीपीई वितळलेले असताना मात्र हा ताण १ मिलीन्यूटनच्या आसपास. म्हणजे पकड पन्नासपट ढिली. ही गोष्ट मला माहीत होती, पण माहीत असणं आणि कामात आठवणं यात फरक असतो.

आकडे घालून बघा. २०० अंश सेल्सियसला ताण १ मिलीन्यूटन आणि कण मधोमध बसलेला धरला, तर २ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला सीमेवर फक्त २ केटी एवढी पकड मिळते, ५ नॅनोमीटरला १२ केटी, १० नॅनोमीटरला ४८ केटी. केटी म्हणजे उष्णतेची नुसती हालचाल, रेणू जेवढं सतत ढकलत असतात तेवढी ऊर्जा. २ केटीचा कण सीमेवर येतो आणि जातो, त्याला बसलेला म्हणताच येत नाही.

सिम्युलेशनसाठी मी डीपीडी (डिसिपेटिव्ह पार्टिकल डायनॅमिक्स) घेतलं. त्यात अनेक अणूंचा मिळून एक मऊ मणी करतात आणि मणी एकमेकांना हळूच ढकलतात. पद्धत १९९२ ची, आणि १९९७ मध्ये ग्रूट आणि वॉरन यांनी तिचे आकडे फ्लोरी-हगिन्सच्या कायशी जोडून दिले, त्यामुळे पॉलिमरवाल्यांना ती सोयीची झाली. घनता ३, सारख्या मण्यांमधलं ढकलणं २५, वेगळ्या मण्यांमधलं मी ३२ ठेवलं. फरक ७ चा, त्याला ०.२८६ ने गुणलं की काय २ येतो. साखळी २० मण्यांची, म्हणजे काय गुणिले एन ४०, सीमा अगदी स्वच्छ. खोका ३० बाय ३० बाय ६०, एकूण १,६२,००० मणी, अर्ध्यात पीपीसारखी साखळी, अर्ध्यात एचडीपीईसारखी, आणि सीमेवर कडक गोळे, त्रिज्या २.५. गोळ्यांना एचडीपीईची ओढ थोडी जास्त ठेवली, कारण एचडीपीईचा पृष्ठताण पीपीपेक्षा जास्त असतो आणि साध्या सिलिकाचा कल त्या बाजूला असावा असा अंदाज होता. त्यातून कोसाइन ०.६ च्या आसपास बसला.

रात्रभर चाललं, सकाळी चित्र बघितलं तर सगळे गोळे सीमेवर एका ओळीत, एकही हललेला नाही. इतकं सुंदर चित्र होतं की मी ते मामाला पाठवायला निघाले होते, सोबत मेसेज पण टाइप केला होता की कण सीमेवर बसतात, एकदमच टाक, काही फरक पडत नाही.

पाठवायच्या आधी माझ्या गाइड मॅडमना दाखवलं. त्यांनी चित्र नीट बघितलंच नाही, फक्त विचारलं, "सुरुवात कुठून केलीस?" मी म्हटलं सीमेवर ठेवूनच केली, म्हणजे वेळ वाचतो. त्या म्हणाल्या, "मग तू त्यांना बसवलंस, ते बसले नाहीत."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. कण जिथे ठेवला तिथेच सापडला तर त्यातून दोनच गोष्टी कळतात, एक तर त्याला तिथे राहायचंय, नाहीतर त्याला निघायला वेळ मिळालेला नाही. दोन्हीचं चित्र हुबेहूब सारखं दिसतं. मग मी तीन सुरुवाती केल्या, एक सीमेवरून, एक पीपीच्या पोटातून, एक एचडीपीईच्या पोटातून. पीपीतून निघालेले गोळे भटकत भटकत सीमेला लागले आणि लागल्या लागल्या ओढले गेले. एचडीपीईतले बरेचसे तिथेच राहिले, सीमेजवळून जायचे आणि परत वळायचे, एखादा बसायचा.

मग कागदावर गणित मांडलं आणि लख्ख दिसलं. कोसाइन ०.६ असेल तर एचडीपीईच्या बाजूला निघून जायला लागणारी ऊर्जा ०.४ च्या वर्गाने गुणायची, म्हणजे ०.१६. पीपीच्या बाजूला परत जायला वजाऐवजी अधिक, १.६ चा वर्ग, म्हणजे २.५६. सोळापटींचा फरक! एकाच कणाला एका बाजूने सीमा म्हणजे खोल विहीर आणि दुसऱ्या बाजूने नुसता उंबरा. आणि मी "पकड" म्हणून एकच आकडा धरून बसले होते, तोही मधोमध बसलेल्या कणाचा.

इथेच दुसरी चूक सापडली. सीमेचा ताण मी दाबाच्या फरकातून काढला होता, सीमेला काटकोनातला दाब वजा सीमेच्या दिशेतला दाब गुणिले खोक्याची लांबी. माझं उत्तर ३ च्या जवळ आलं होतं. पण खोका दोन्ही टोकांना स्वतःलाच जोडलेला असतो, त्यामुळे सीमा एक नसते, दोन असतात, आणि उत्तर २ ने भागायचं असतं. ते मी विसरले होते. हेल्फंड आणि टागामी यांचं एक जुनं सूत्र आहे, घनता गुणिले मण्याची लांबी गुणिले कायच्या सहाव्या हिश्श्याचं वर्गमूळ, त्याने माझ्या मांडणीत दीडच्या आसपास यायला हवं होतं, आणि अर्ध केल्यावर बरोबर तिथेच आलं. हे सूत्र आधी कागदावर लावून मग मशीनला हात लावला असता तर ही चूक पहिल्याच दिवशी दिसली असती. जो कोणी हे करतोय त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, ताणाचा अंदाज आधी हाताने काढा.

तरीसुद्धा पुरतं जुळलं नाही. दीड हा डीपीडीच्या एककातला ताण, एक एकक लांबी १ नॅनोमीटर धरली तर तो २०० अंशाला १० मिलीन्यूटन प्रति मीटर निघतो. खऱ्यापेक्षा दहापट! का, तर माझी साखळी २० मण्यांची होती. खरी साखळी लांब असते म्हणून बारीकशा कायनेसुद्धा वेगळी होते, आणि काय बारीक म्हणून ताणही बारीक. मी २० मण्यांत खरा ताण आणायला काय कमी करत गेले असते तर तो ०.०२ च्या आसपास न्यावा लागला असता, आणि तेव्हा काय गुणिले एन अर्ध्याच्याही खाली, म्हणजे दोघे मिसळूनच गेले असते, सीमाच उरली नसती. आखूड साखळीत खरा ताण आणि खरी सीमा दोन्ही एकदम मिळत नाहीत, यात कोणाची चूक नाही, पद्धतच तशी आहे.

मॅडमनी सुचवलं ते मला फार आवडलं. ताण जुळवू नकोस, पकड जुळव. कणाला शेवटी कळतं ते इतकंच की आपली विहीर किती केटी खोल आहे. खऱ्या ५ नॅनोमीटरच्या कणाला १२ केटी मिळतात, तर सिम्युलेशनमध्ये ताण दीडच राहू दे, गोळ्याची त्रिज्या २.५ वरून १.६ कर, पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले दीड पुन्हा १२ येतं. फक्त सीमेची जाडी गोळ्यापेक्षा बरीच बारीक राहते ना ते बघ, नाहीतर सूत्रच लागू होत नाही. माझ्या खोक्यात ती अर्ध्या एककाच्या जवळ होती, चालण्यासारखी.

आता एचडीपीईकडे निघून जायचा उंबरा बघा कसा उतरत गेला. ताण दुप्पट चुकलेला असताना मला तो ९.४ केटी वाटत होता, अर्ध केल्यावर ४.७, आणि पकड जुळवल्यावर १.९. पीपीच्या बाजूला मात्र ३१ केटी. म्हणजे माझ्या पहिल्या सुंदर चित्रातले कण खऱ्या दाण्यात जेमतेम २ केटीवर उभे होते. नवीन रन केले तेव्हा सीमेवर ठेवलेले गोळे एकेक करून एचडीपीईत उतरायला लागले. पीपीतून निघालेले सीमेपर्यंत आले, काही काळ थांबले आणि मग तेही पलीकडे गेले. तो थांबण्याचा काळ, तोच मामाच्या कामाचा होता.

पण तो किती मिनिटांचा हे डीपीडी सांगू शकत नाही. त्यातले मणी इतके मऊ असतात की साखळ्या एकमेकींतून आरपार जातात, खऱ्यासारखी गुंतागुंत होत नाही, त्यामुळे सगळं फार पटापट होतं. मग पुन्हा कागद. वितळलेल्या प्लास्टिकची श्यानता १००० पास्कल-सेकंद धरली आणि आइनस्टाइनच्या सूत्राने ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाची भटकंती काढली, तर एका मिनिटात तो १६० नॅनोमीटर सरकतो, आणि १ मायक्रॉन जायला सुमारे ४० मिनिटं लागतात. गुंतलेल्या साखळ्यांमधून बारीक कण यापेक्षा जरा लवकर निसटतात, पण तरी. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे माल वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या मशीनमध्ये, माल असतो एखाद-दोन मिनिटं, आणि थेंबांचा आकार असतो मायक्रॉनमध्ये. म्हणजे कण स्वतःहून चालत सीमेपर्यंत जात नाही, स्क्रू माल ताणतो, मळतो, थेंबांचे पापुद्रे आणि तारा होतात आणि सीमाच कणापर्यंत येते. आली की पीपीतल्या कणाला ती ओढून घेते. एचडीपीईतल्या कणाजवळ आली तरी तो तिथे सुखात असतो, बसलाच तर २ केटीवर, पुढच्या मळण्यात परत आत.

याच दिवसांत २००५ सालचं बायजेलवरचं काम पुन्हा वाचलं, बायजेल म्हणजे दोन द्रवांची कणांनी गोठवलेली रचना. एडिनबरामध्ये आधी कॉम्प्युटरवर दाखवलं होतं की दोन द्रव वेगळे होताना कण सीमेवर गच्च अडकले तर सगळी रचना तशीच गोठते, आणि २००७ मध्ये ते प्रयोगशाळेत खरोखर करून दाखवलं. सिम्युलेशन आधी आणि प्रयोग नंतर, या क्षेत्रात माझ्या फार आवडीची गोष्ट आहे ही. पण त्या प्रयोगात कण शेकडो नॅनोमीटरचे होते, पकड आमच्या १२ केटीच्या कितीतरी पट, तिथे कुठून सुरुवात केली याने कमी बिघडतं.

कोसाइन ०.६ हा आकडा सुद्धा मी मामाच्या सिलिकाचा म्हणून सांगू शकत नाही. तो येतो कसा, तर सिलिका-पीपी आणि सिलिका-एचडीपीई यांच्या ताणांमधला फरक भागिले पीपी-एचडीपीई ताण. वरचा फरक म्हणजे दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी आणि खाली १ मिलीन्यूटन. वर ०.६ असेल तर कण सीमेवर, १.१ झाला तर सीमेवर बसायचा प्रश्नच नाही, सरळ एचडीपीईत. अर्ध्या मिलीन्यूटनवर सगळं फिरतं आणि तेवढी चूक तर मोजण्यातच असते. म्हणून मामाला मी आकडा दिला नाही, दिशा दिली: सिलिका आधी पीपीत, कारण ती पीपीला कमी धार्जिणी आहे, आणि एचडीपीई नंतर, आणि एचडीपीई पडल्यावर जास्त वेळ मळायचं नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते म्हणून त्या दिवशी भोसरीला गेले, मशीन बंद, निवांत बोलता येतं. मामा म्हणाला, "पण दोन्ही लॉट एकदमच टाकले होते गं, रेसिपी सारखीच." मी म्हटलं रजिस्टर बघू. ऑपरेटर दादांनी वही काढली, त्यांचं अक्षर सुंदर आहे, प्रत्येक गोणीची वेळ लिहिलेली. पहिल्या लॉटच्या दिवशी एचडीपीईचं ग्राइंडिंग उशिरा आलं होतं. मशीन तापलेली, थांबवायची कशाला म्हणून त्यांनी पीपी आणि सिलिका एकदा काढून घेतले होते, आणि संध्याकाळी त्याच दाण्यात एचडीपीई घालून पुन्हा काढलं. दुसऱ्या लॉटला सगळं वेळेवर आलं, म्हणून सगळं एकदम हॉपरमध्ये. एचडीपीई पीपीच्या खूप आधी वितळतं, १३० अंशाच्या आसपास, पीपी १६० च्या पुढे, त्यामुळे एकदम टाकलं की सिलिका आधी मिळते ती एचडीपीईलाच. मी ती दोन पानं तीनदा वाचली. मॅडमचा प्रश्न आणि वहीतली नोंद एकच गोष्ट सांगत होती.

मग दोन्ही लॉटचे पातळ काप करून, दोन्ही प्लास्टिक वेगळी दिसावीत म्हणून रुथेनियम टेट्रॉक्साइडची वाफ देऊन टीईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले. पहिल्या लॉटमध्ये सिलिका सीमेच्या कडेने दिसली, पण सुटे गोळे नाहीत, माळा आणि पुंजके. ज्वालेत बनवलेली सिलिका (फ्युम्ड सिलिका) तशीच असते, बारीक कण एकमेकांना वितळून जोडलेले, शंभरेक नॅनोमीटरचे झुपके. दुसऱ्या लॉटमध्ये बहुतेक सगळी एचडीपीईच्या थेंबांच्या पोटात. झुपका म्हणजे मोठी त्रिज्या, २० नॅनोमीटरच्या गोळ्यालासुद्धा एचडीपीईकडचा उंबरा ३१ केटी होतो, त्यामुळे पहिला लॉट टिकला यात या झुपक्यांचा मोठा हात असणार. माझ्या खोक्यात सगळे गोळे गोल आणि सुटे होते, हे त्या दिवशी मला खरंच टोचलं.

हेही सांगायला हवं की सीमेवर कण बसले म्हणजे सांधा मजबूत झाला असं नाही. कण थेंबांना एकमेकांत मिसळून मोठं होऊ देत नाहीत, थेंब बारीक राहतात, पापुद्रे कमी होतात. दोन प्लास्टिकना एकमेकांत गुंतवायचं काम कण करत नाहीत, त्याला दोन्हीकडे नातं असलेली साखळीच लागते.

आता हॉपरवर मामाने मार्करने लिहून ठेवलंय, "सिलिका + पीपी पहिला पास. एचडीपीई दुसऱ्या पासला. तिसरा पास नाही." तिसऱ्या पासची भीती मीच घातली, त्याचा नमुना अजून कापलेला नाही, तो पुढच्या आठवड्यात. आणि मी झुपके बनवतेय, सात-सात गोळे वाकड्यातिकड्या माळेत जोडून, तिन्ही सुरुवातींनी. एचडीपीईतून सुरू केलेला रन काल रात्री लावलाय.